संशोधन संस्थेतली इंटर्नशिप : मुलं किती घ्यायची, आणि सांभाळायची कोणी?

टिपणवही

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या कार्यालयात इंटर्नशिपचं काम माझ्याकडे आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. मी शास्त्रज्ञ नाही. अर्ज, पत्रं, ओळखपत्रं, वसतिगृहाच्या खोल्या, मानधनाची बिलं आणि शेवटी प्रमाणपत्रं, एवढा माझा प्रांत.

पूर्वी हे काम हंगामी होतं. मे महिन्यात मुलं यायची, जुलैत जायची. तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपमधून दोन महिन्यांसाठी आलेली काही, इन्स्पायर शिष्यवृत्तीवाली काही (त्यांच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी प्रकल्पाचे असतात, त्यामुळे गाईडचं पत्र त्यांना हवंच असतं) आणि थोडी ओळखीपाळखीतली. नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि सगळंच बदललं. आता पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आहे, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. यूजीसीच्या सूचनांप्रमाणे पदवीच्या मुलांनाही चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप आहे. म्हणजे सगळी कॉलेजं एकाच महिन्यात दारात उभी.

वरून सांगणं असतं की जास्तीत जास्त मुलांना संधी द्या. वार्षिक अहवालात आकडा चांगला दिसतो ना. शास्त्रज्ञांना विचारावं तर बहुतेक जण "पाठवा की" म्हणतात. मग मूल येतं तेव्हा गाईड परिषदेला गेलेले, पीएचडीवाला प्रबंध लिहिण्यात बुडालेला, आणि मूल वाचनालयात पेपर वाचत बसलेलं. तक्रार माझ्या टेबलावर येते, कारण इमारतीत जागेवर सापडणारं माणूस मीच.

माझं म्हणणं असं की जागा खोल्यांवरून ठरवू नयेत, पैशावरूनही नाही. कामाचे तुकडे किती आहेत त्यावरून ठरवाव्यात. ज्या गाईडनी एक पान लिहून दिलं (काम काय, रोज कोण बघणार, शेवटी मुलाच्या हातात काय असेल) त्यांनाच इंटर्न. नाही दिलं तर कितीही मोठं नाव असो, त्या उन्हाळ्यात नाही. प्रस्ताव मांडलाय, कुरकुर सुरू आहे. तुमच्याकडे कसं चालतं?

सूक्ष्मदर्शी

कुरकुर करणाऱ्यांत मला धरा (तुमच्या संस्थेत नाही मी, काळजी नसावी). शेवटी हातात काय येणार हे मला आधीच ठाऊक असेल तर त्याला संशोधन कशाला म्हणायचं?

आणि जीवशास्त्रात दोन महिने म्हणजे किती हो? सुरुवातीचे दिवस सुरक्षेचे. द्रव नायट्रोजन कसा ओतायचा, इथिडियम ब्रोमाइडच्या (डीएनए रंगवायचं घातक रसायन) जागेवरचे हातमोजे घालून दाराच्या कडीला, फोनला हात लावायचा नाही. मग पिपेट धरायला शिकायचं. मग पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) लावायचं आणि बघायचं की नुसतं पाणी घातलेल्या कंट्रोलमध्येही, म्हणजे जिथे काहीच दिसायला नको तिथेही, डीएनएची पट्टी आली आहे. म्हणजे कुठेतरी दूषित झालंय. कुठे, ते शोधण्यात आठवडा जातो. आणि हे सगळं ज्या पीएचडीच्या मुलीच्या एन्झाइममधून चाललेलं असतं, ती बिचारी तोंडातून अवाक्षर काढत नाही, पण फ्रीजरचं दार जोरात लावते. १२० तासांत मुलाला वजनकाटा कुठे ठेवलाय एवढं कळतं. आम्ही एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचीच मुलं घेतो, सहा महिने पूर्ण. बाकीच्यांना नम्र नकार.

टिपणवही

सूक्ष्मदर्शी, निष्कर्ष लिहून मागितलेलाच नाही. प्रयोग फसला तरी मुलाकडे काही उरेल का, एवढंच विचारलंय. नीट लिहिलेली वही, एखादा तक्ता, मोजमापांची फाईल, चालणारा प्रोग्राम, काहीही. पाण्याच्या कंट्रोलमध्ये पट्टी का आली याचा शोध हाच एक स्वच्छ तुकडा आहे की! प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलून बघ, पाणी बदलून बघ, पिपेट बदलून बघ, प्रत्येक वेळी नोंद कर. दोन महिन्यांत संपतो, आणि तुमच्या पीएचडीवालीचाही फायदा होतो.

१२० तासांच्या मुलांबद्दल मात्र तुमचं पटतं. त्यांना हातमोजेवाल्या कामात उतरवूच नये. पण तुमच्या संगणकावर सूक्ष्मदर्शकाची जुनी चित्रं पडून असतील ना, कुणीही न मोजलेली? इमेजजे या चित्रं मोजायच्या प्रोग्राममध्ये पेशी मोजायला दोन दिवसांत शिकता येतं.

मांजराकाठ

पहिल्यांदाच लिहितोय इथे, सांभाळून घ्या. मी लातूर जिल्ह्यातला, एमएस्सी रसायनशास्त्र. पुण्यात दोन महिने इंटर्नशिप केली आहे, म्हणून लिहावं वाटलं.

मॅडम, कामाचं ठीक आहे, पण आधी राहायचं बघा. दोन महिन्यांसाठी पुण्यात खोली कोण देतंय? कॉट बेसिसवर विचारलं तरी डिपॉझिट मागतात, अकरा महिन्यांचा करार म्हणतात. संस्थेच्या वसतिगृहात जागा नाही म्हणून निवड झालेली दोन पोरं आलीच नाहीत, त्यांच्या जागी पुण्यातलीच घेतली. कुणी मुद्दाम केलं असं नाही, पण झालं तसंच. आणि मानधन मी गावाकडं परत आल्यावर खात्यात पडलं. घरून पैसे मागवून मेस भरली.

कामाचं म्हणाल तर पहिले काही दिवस सरांनी छापलेल्या पेपरांचा गठ्ठा दिला आणि वाच म्हणाले. निम्मं कळत नव्हतं, विचारायची लाज. मग लॅबमधल्या एका ताईनं टीएलसी प्लेट (मिश्रणातले घटक वेगळे करून बघायची पट्टी) कशी लावायची ते दाखवलं, सॉल्व्हंटचं प्रमाण बदललं की ठिपका कसा वर-खाली सरकतो ते दाखवलं. वही कशी लिहायची तेही तिनंच शिकवलं. तारीख घाल, पेननं लिही, पान फाडू नको, चुकलं तर एक रेघ मारून पुढं लिही. सगळ्या इंटर्नशिपमध्ये मला आलेलं ते हेच, आणि आता नोकरीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबला रोज तेच लागतं. त्या ताईचं नाव प्रमाणपत्रावर कुठंच नव्हतं.

खडूफळा

मांजराकाठ, छान लिहिलंत, लिहीत राहा.

मी सांगली भागात शिकवतो, आमच्या विभागाच्या ओजेटीचं समन्वयकपद गळ्यात पडलंय. आता दुसरी बाजू ऐका. एका वर्गातल्या सगळ्या मुलांना एकाच सुट्टीत कुठे ना कुठे लावायचं असतं. संशोधन संस्थांना मेल पाठवतो, उत्तर येत नाही. नकार आला तरी चालेल हो, पण तो वेळेत यावा, म्हणजे दुसरीकडे बघता येतं. त्यात परीक्षा लांबते, तारखा सरकतात, आणि ज्यांनी जागा दिलेली असते ते म्हणतात, आता नको.

शेवटी आम्ही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा गाठल्या. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ), पोल (साखरेचं प्रमाण), शुद्धता रोज मोजावी लागते, चुकलं तर शिफ्टचा केमिस्ट तिथल्या तिथे विचारतो. पण ओजेटी उन्हाळ्यात आणि गाळप तोवर आटोपलेलं. मग माती परीक्षण, पाणी तपासणी, दूध संघ. दूध संघ बारमाही चालतो. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) आणि भेसळीच्या चाचण्या मुलं खरोखर स्वतःच्या हाताने करतात. संशोधन संस्थेचं नाव प्रमाणपत्रावर झळकतं म्हणून पालक-विद्यार्थी तिकडे ओढ घेतात, पण १२० तासांच्या मुलासाठी दूध संघ सरस, असं माझं अनुभवाअंती मत झालंय. संशोधन संस्थांनी ओजेटीचं ओझं घेऊच नये. लांब मुदतीची थोडी मुलं घ्यावीत आणि ती नीट घ्यावीत.

आणखी एक सांगतो. फी घेऊन "इंटर्नशिप" देणाऱ्या ऑनलाइन कंपन्या निघाल्यात. घरी बसून व्हिडिओ बघायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचं. वाट बघून थकलेली मुलं तिकडे जातात.

जमाखर्च

खडूफळा सरांशी बव्हंशी सहमत.

मी लेखा विभागातला. मानधन उशिरा का मिळतं याचं आमच्या बाजूचं कारण सांगतो, लोक आम्हालाच शिव्या घालतात म्हणून. केंद्राच्या अनुदानातला पैसा पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून जातो. मुलाची तिथे नोंद करावी लागते. आधारवर नाव एक, बँकेत दुसरं, आडनाव आधी की नंतर याचा घोळ. बरीच खाती शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेली, वर्षानुवर्षं व्यवहार नाही, केवायसी संपलेलं. पैसे परत येतात. परत आलेले पुन्हा पाठवायचे म्हणजे नवी टिपणी, नवी मंजुरी. तोवर मूल गावी.

उपाय साधा आहे, पण कार्यालयाने करायला हवा. निवडपत्रासोबतच बँकेचा तपशील मागवा, रुजू होण्याआधी नोंदणी पूर्ण करा, आणि मानधन पूर्ण मुदतीचं एकदम न देता दरमहा हजेरीवर द्या. गाईडची सही रखडली म्हणून बिल अडकत असेल तर रोज बघणाऱ्याची सही चालेल असं आधीच आदेशात लिहून घ्या. आणि कृपा करून प्रकल्पाच्या आकस्मिक खर्चातून इंटर्नला पैसे देऊ नका. मंजुरीपत्रात तसं लिहिलेलं नसेल तर लेखापरीक्षक आक्षेप काढतो आणि वसुली गाईडच्या मानेवर बसते.

काही जण विचारतात की मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून (बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये महिना) किंवा पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतून आपल्या मुलांना पैसे मिळतील का. नाही. दोन्ही योजना नियमित कॉलेजात शिकत असलेल्यांसाठी नाहीत.

प्रश्नावली

सगळे प्रयोगशाळेबद्दल बोलताय, म्हणून सामाजिक संशोधनातलं थोडं.

आमच्याकडे आजाराचं रूप वेगळं. मुलं रिकामी बसत नाहीत, उलट मरेस्तोवर राबतात. सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घ्या, मुलाखती ऐकून उतरवून काढा. तासाभराची मुलाखत उतरवायला चार-पाच तास सहज लागतात, बोली अहिराणी किंवा मालवणी असेल आणि मूल पुण्या-मुंबईचं असेल तर विचारूच नका. हे काम आवश्यक आहे, मी स्वतः केलंय. पण अख्खी इंटर्नशिप त्यात घालवायची आणि वर "संशोधनाचा अनुभव" म्हणायचं, ही फसवणूक आहे. टिपणवहींच्या त्या एक पानात आणखी एक ओळ घाला : यातलं संस्थेचं काम किती आणि मुलाचं शिक्षण किती.

दुसरं, गोपनीयता. उत्तरदात्यांची नावं, फोन नंबर, जात, उत्पन्न असलेली एक्सेल फाईल इंटर्नच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जाते आणि इंटर्नशिप संपली तरी तिथेच राहते. मुलाखत देणाऱ्या बाईंनी संमतिपत्रावर सही केली ती संस्थेवर विश्वास ठेवून. २०२३ पासून वैयक्तिक डेटाचा स्वतंत्र कायदा आहे, पण कायदा नसता तरी हे चुकीचंच. इंटर्नला नावं काढलेली, क्रमांक घातलेली फाईलच द्यायची. अपवाद नको.

सूक्ष्मदर्शी

गोपनीयतेवरून आठवलं. आमच्या शेजारच्या गटात एका मुलाने कौतुकाने उपकरणाचा फोटो लिंक्डइनवर टाकला, पडद्यावर संयुगाची रचना दिसत होती. पेटंटचा अर्ज अजून गेला नव्हता. अर्जाआधी गोष्ट जाहीर झाली की नावीन्यच गेलं, मग वकील काय करणार? वेळीच काढून टाकला म्हणून निभावलं. मुलाला रागावण्यात अर्थ नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गोपनीयतेच्या करारावर पहिल्या दिवशी सही घेतात, पण ती इंग्रजी पानं कोण वाचतं? तोंडी सांगायला हवं की फोटो फक्त कँटीनमध्ये काढा.

बाकी, पाण्याच्या कंट्रोलचा तुकडा... हं. विचार करतोय.

झाडाझडती

एका गोष्टीबद्दल कुणी बोलतच नाहीये. ओळखीची मुलं! संचालकांच्या मेहुण्याची मुलगी, मंत्रालयातून आलेला फोन, अमक्या प्राध्यापकांचा मुलगा. एक पान लिहून घ्या, दोन पानं लिहून घ्या, ही मंडळी मागच्या दाराने येणारच. मांजराकाठच्या मित्रांना खोली मिळाली नाही, यांना पाहुण्यांच्या निवासात मिळते.

टिपणवही

झाडाझडती, खोटं नाही बोलणार, येतात. फोन अडवायची ताकद माझ्या पदरी नाही. एवढं करता येतं की फोन कुणाचाही असो, अर्ज त्याच फॉर्मवर, त्याच तारखेच्या आत, आणि कामाचं पान असलेल्या गाईडकडेच. गंमत म्हणजे या अटींवर निम्मी ओळखीची मुलं आपोआप गळतात. त्यांना प्रमाणपत्र हवं असतं, काम नको.

अटलांटिकपार

दोन देशांतलं बघितलंय, म्हणून दोन पैसे माझेही.

जर्मनीत डीएएडीची (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी संस्था) राईज नावाची इंटर्नशिप योजना आहे (भारतीय मुलांसाठी नाही, आपल्याकडच्यांना वाईज नावाची वेगळी योजना आहे). त्यात आवडलेली गोष्ट ही की इंटर्न प्राध्यापकाला जोडत नाहीत, पीएचडी करणाऱ्याला जोडतात. कामाचं वर्णन तोच लिहितो, त्याच्या हाताखालीच मूल काम करतं. मांजराकाठच्या "ताई"चं नाव तिथे पहिल्यापासून कागदावर असतं.

अमेरिकेत एनएसएफची (संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) आरईयू ही पदवीच्या मुलांसाठीची संशोधन योजना १९८७ पासून चालू आहे. तिथे एका ठिकाणी साधारण दहाएक मुलांचा गट एकत्र येतो, एकत्र राहतो, आठवड्यातून एकदा बसून आपापलं काम सांगतो, शेवटी पोस्टर. एनएसएफच्या पैशावर नागरिक आणि कायम रहिवासीच घेतात, त्यामुळे आपल्या मुलांना उपयोग नाही, पण रचना बघण्यासारखी आहे. एखाद्याचा गाईड गावाला गेला तरी मूल एकटं पडत नाही, कारण गट असतो. सुट्या सुट्या तारखांना आलेल्या मुलांचा गट होत नाही. टिपणवही, तुमच्या हातात दुसरं काही नसेल तर रुजू होण्याची तारीख तरी एकच ठेवा.

खडूफळा

एकच तारीख म्हणजे परीक्षा उशिरा संपणाऱ्या विद्यापीठांची मुलं बाहेर. पुन्हा तेच. दोन तारखा ठेवा.

टिपणवही

सगळ्यांचे आभार. बऱ्याच गोष्टी उचलल्या, काही नाही उचलणार.

ओजेटीची १२० तासांची मुलं यंदा आम्ही घेणार नाही, आणि तसं संकेतस्थळावर स्पष्ट लिहिणार. खडूफळा सरांना निदान उत्तराची वाट बघावी लागणार नाही. यावर वर बोलणी खावी लागतील, कारण आकडा खाली येईल. दोन महिने आणि सहा महिने, एवढेच प्रकार. दोन महिन्यांना रुजू होण्याच्या दोन तारखा. पानावर गाईडच्या सहीशेजारी रोज बघणाऱ्याचं नाव आणि सही, प्रमाणपत्रावरही त्यांचं नाव. गाईड सलग आठवड्यापेक्षा जास्त बाहेर जाणार असतील तर तारखा आधीच लिहायच्या. (हे लिहायला सांगितल्यावर दोघांनी आपणहून "यंदा नको" म्हटलं. मला तेच हवं होतं.)

खोल्यांचं असं ठरतंय की आधी बाहेरगावच्या मुलांना, पुण्यातल्यांना शेवटी. याला फार विरोध झाला नाही. मानधनाचं जमाखर्च यांनी सांगितलं तसं.

पहिल्या दिवशीच्या कागदात एक भर घालतेय, इथे कुणी म्हणालं नाही म्हणून लिहिते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊही येतात. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन इंटर्नला लेखी द्यायचे, नुसती फलकावर लावून भागत नाही. वीस वर्षांची मुलगी अनोळखी इमारतीत फलक शोधत फिरणार नाही. अठरा पूर्ण नसलेल्यांना मात्र आम्ही प्रयोगशाळेत घेतच नाही.

मांजराकाठ

मॅडम, माझा धाकटा भाऊ बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी अर्ज कधी करायचा? एप्रिलमध्ये सरांना मेल केला तर चालेल का?

टिपणवही

एप्रिलमध्ये उशीर होतो. अकादम्यांच्या फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, साधारण नोव्हेंबरात बंद होतात. टीआयएफआरच्या (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी या उन्हाळी कार्यक्रमासाठी जानेवारीच्या आसपास संकेतस्थळ बघत राहा. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रमही पदवीच्या मुलांसाठी चांगला आहे, त्यात काम एका उन्हाळ्यापुरतं नसतं. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून दिवाळीची सुट्टी लागली की बघायला सुरुवात करायची.

थेट मेल करायचा असेल तर एकेका शास्त्रज्ञाला वेगळा. एकाच मेलमध्ये संस्थेतल्या सगळ्यांचे पत्ते घालून "रिस्पेक्टेड सर" लिहिलेले मेल येतात, त्यात निम्म्या मॅडम असतात. त्यांचा एक तरी पेपर उघडून त्यातल्या कुठल्या आकृतीवर प्रश्न पडला ते दोन ओळीत लिहायला सांग. आणि बँकेचं केवायसी आत्ताच करून ठेव म्हणावं.